मेपल फार्मला निघण्याआधी

ओंटारिओत मार्चच्या मध्याला शाळांना आठवडाभर सुट्टी लागते. मुलं दुसऱ्याच दिवशी घरात डोकं खायला लागतात आणि कुणीतरी मेपल फार्मचं, म्हणजे मेपलच्या झाडांचा रस आटवून सिरप करतात त्या जागेचं, नाव काढतं. टोरोंटो-मिसिसागाकडून जायचं तर वॉनचं कॉर्टराइट किंवा कॅम्पबेलव्हिलचं माउंट्सबर्ग दिवसाभरात आरामात होतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि जमलं तर सुट्टीतलाच पण शनिवार-रविवार सोडून एखादा दिवस, सकाळची वेळ घ्या. दुपारी पॅनकेकची रांग बघूनच भूक मरते.

मात्र तिकीट काढण्याआधी हवामान बघा, तेही दिवसाचं नव्हे, रात्रीचं. रात्री पारा शून्याखाली, उणे पाचच्या आसपास, आणि दिवसा शून्याच्या वर चार-पाच अंश, असं असलं की झाडातून रस ठिबकतो. दिवसभर गोठलेलंच असेल तर बादल्या कोरड्या आणि भट्टीही बहुधा थंड. म्हणजे ज्या दिवशी जायला मजा, त्याच दिवशी पायाखाली चिखल. हे एकदा पटलं की बाकीची तयारी आपोआप सुचते.

सगळ्यात महत्त्वाचे पाय. स्पोर्ट्स शूज घरी ठेवा, सगळ्यांना गमबूट, आत लोकरीचे मोजे. मुलांसाठी मोज्यांचे आणि हातमोज्यांचे दोन-दोन जादा जोड, एक जादा पँट, आणि ओलं सगळं कोंबायला मोठी पिशवी. गाडीच्या सीटवर टाकायला जुनी चादर घ्या, परतताना तिचं मोल कळेल. अंगात एकावर एक पातळ कपडे बरे, कारण रानात बोचरा वारा असतो आणि शुगर शॅकमध्ये, म्हणजे रस आटवायच्या खोपटात, शिरलात की वाफेने चष्मा धुरकटून घाम फुटतो. बाळाची ढकलगाडी चिखलात रुतते, त्यापेक्षा बाळ पोटाशी बांधून न्या. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्या चपला-सँडलचा विषय आदल्या रात्रीच निकालात काढा. सकाळी तो वाद घालायला वेळ नसतो.

खाण्याचं मात्र स्वतःच बघा. पॅनकेकमध्ये बहुधा अंडं असतं, शेजारी त्याच तव्यावर सॉसेज परतत असतात, आणि बीन्स साध्या दिसल्या तरी त्यात डुकराचं मांस असू शकतं. क्युबेकच्या शुगर शॅकमध्ये तर बहुतेक असतंच. विचारायला लाजू नका. दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि थर्मासभर चहा बरोबर असला की शाकाहारी मंडळी सुखी. बर्फावर गरम पाक ओतून काडीला गुंडाळून देतात, ती टॅफी सोडू नका. थोडे सुटे डॉलर आणि ओले पुसायचे रुमाल याच क्षणासाठी असतात.

मुलांना निघण्याआधी थोडं सांगून ठेवा, नाहीतर ती बादलीत पाक शोधतात. झाडातून येतो तो पाण्यासारखा पातळ रस, साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप होतं. गुऱ्हाळात काकवी होताना पाहिलेल्या आजोबांना हे चटकन कळेल, गप्पाही त्यांच्याच रंगतील. रसासाठी भोक पाडायचं झाड खोडाने साधारण वीतभर रुंद तरी लागतं, त्याला चाळीसेक वर्षं जातात. आणि हे तंत्र युरोपीय लोक यायच्या आधीपासून इथल्या आदिवासींचं, अनिशिनाबे आणि हॉडेनोशोनी लोकांचं आहे. बहुतेक ठिकाणी ते सांगतात, तिथे मुलांना थांबवून ऐकवा.

दुकानात सिरपचे गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क असे प्रकार असतात. घावन-धिरड्यांवर घ्यायचं असेल तर डार्कच घ्या, गोल्डनची चव कुठल्या कुठे हरवते. भारतात पाठवायचं असेल तर पत्र्याचा डबा घ्या आणि तो चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमधून शंभर मिलीच्या वर नेऊ देत नाहीत. घरी उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, ओट्यावर ठेवली तर बुरशी धरते.