165 हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी फरक पडत नाही? या चुका टाळा

मॉनिटर बदलूनही खेळात फरक पडला नाही, अशी तक्रार आली की मी आधी कम्प्युटरची मागची बाजू बघतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने व्हॅलोरंट या शूटर खेळासाठी 165 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 165 वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर आणला आणि दुसऱ्याच दिवशी परत करायला निघाला. "काका, दुकानदाराने गंडवलं मला." बघतो तर केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये, खाली खेळाचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड मोकळं. केबल कार्डाला लावली तरी स्क्रीन 60 वरच, कारण विंडोज दरवेळी आपणहून आकडा वाढवत नाही. डिस्प्ले सेटिंग्जमधून अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं, तर यादी 144 वर संपलेली. त्या मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट तेवढ्यावरच थांबतं. पूर्ण 165 साठी डिस्प्लेपोर्ट लागतं. ती केबल खोक्यातच होती, पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती! खोकं नीट रिकामं करायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढाही धीर नसतो. मी नवा मॉनिटर जोडला की खेळ उघडण्याआधी हा हर्ट्झचा आकडा बघतोच.

दुसरी चूक '1 एमएस'च्या, म्हणजे पिक्सेल एका मिलिसेकंदात बदलतो असं सांगणाऱ्या, स्टिकरवर भुलण्याची. हा आकडा बहुतेकदा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल जोर लावून लवकर बदलवणारी सेटिंग) शेवटच्या टोकाला नेऊन किंवा बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो. ओव्हरड्राइव्ह इतका ताणला की पळणाऱ्या शत्रूमागे उजळ सावली दिसते. मी तो मधल्या पायरीवर ठेवतो. स्वस्त व्हीए प्रकारच्या पॅनलवर (पडद्यावर) अंधाऱ्या कोपऱ्यातली हालचाल काळी फरफटते, म्हणून शूटर खेळणाऱ्याला मी आयपीएस प्रकारचं पॅनलच सुचवतो.

थेट 360 हर्ट्झची घाईही नको. 60 वर नवं चित्र 16.7 मिलिसेकंदांनी येतं, 144 वर 6.9 आणि 240 वर 4.2. म्हणजे मोठी उडी पहिलीच. कार्ड सेकंदाला जेमतेम 90 फ्रेम (चित्रं) देत असेल, तर वरचे पैसे कार्डात घाला.

बाकी थोडक्यात. टेबलाजवळ बसून खेळायला 24-25 इंच पुरे, 32 इंचावर कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. फ्रीसिंक (कार्डाच्या फ्रेमशी मॉनिटरचा वेग जुळवणारी सोय) मॉनिटरच्या मेनूमध्ये बंद असेल तर चालू करा. आणि फक्त पीएस5 (प्लेस्टेशन 5) वर खेळणार असाल, तर ते 120 हर्ट्झच्या पुढे जातच नाही. 240 चा मॉनिटर त्यासाठी घेऊ नका.