अॅप बनवताय, मशीन बनवताय? आधी 'नाही' म्हणायची सोय करा

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात इंजिनिअरिंगची मुलं भरपूर, कोणी एसजीएसआयटीएसला, कोणी डीएव्हीव्हीला, आणि सुट्टीत घरी आली की काही ना काही बनवून राहिलेली असतात, मला ते मनापासून आवडतं. गेल्या वर्षी त्यातल्या तिघांनी जवळच्या एका टाउनशिपच्या गेटसाठी चेहरा ओळखणारा कॅमेरा बनवून दिला. रहिवासी, दूधवाले, कामवाल्या मावश्या, सगळ्यांचे फोटो घेतले, कमिटी खूश. पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, त्या तिथेही दोन घरी जातात, त्या तीन दिवस गेटवरच अडकल्या. डिसेंबरची थंडी, डोक्यावरून पदर, त्यावर शाल, कॅमेरा काही केल्या ओळखेना, आणि वॉचमन म्हणतोय की मशीन हो म्हणेपर्यंत सोडायचं नाही अशी ऑर्डर आहे. एका घरी उशीर झाला म्हणून त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले. मुलांना हे कळलं तेव्हा त्यांचे चेहरेच उतरले. मुलं चांगली आहेत हो, पण चार वर्षांत त्यांना कोडिंग शिकवलं, हे कोणी शिकवलंच नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये अठरा वर्षं काम करते आहे, आणि मलाही हे कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून जे ठोकर खाऊन कळलं ते सगळं इथे लिहून ठेवते आहे, ज्यांना काही नवीन बनवायचंय त्यांच्या कामी येईल.

सुरुवात कागदापासून करा, लॅपटॉप बंद ठेवून. दोन याद्या करा. एकीत जे तुमची वस्तू वापरणार आहेत ते, दुसरीत जे वापरणार नाहीत पण ज्यांच्यावर तिचा परिणाम होणार आहे ते. पहिली यादी सगळेच करतात, दुसरी कोणीच करत नाही, आणि त्रास होतो तो दुसऱ्या यादीतल्यांनाच. गेटच्या बाबतीत पहिल्या यादीत कमिटी आणि रहिवासी, दुसरीत मावश्या, वॉचमन, डिलिव्हरीवाली पोरं, शाळेची व्हॅन चालवणारे काका. मग दुसऱ्या यादीतल्या निदान पाच-सहा जणांना स्वतः जाऊन भेटा आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकच प्रश्न लिहा: या माणसाला नाही म्हणता येतंय का, आणि नाही म्हटलं तर त्याचं काय होतं? रहिवाशाने फोटो द्यायला नकार दिला तर तो कमिटीशी भांडेल आणि विषय संपेल. मावशींनी नकार दिला तर त्यांचं काम जाईल. म्हणजे दोघांनीही 'हो' म्हटलं असलं तरी ते दोन वेगवेगळे 'हो' आहेत. मला विचाराल तर सगळा विषय याच फरकात आहे.

भेटताना एक लक्षात ठेवा, मावशींना त्यांच्या मालकिणीसमोर विचारू नका आणि वॉचमनला सेक्रेटरीसमोर विचारू नका. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर विचारा, कामावरून परत जाताना विचारा. आणि 'तुम्हाला हे आवडेल का' असं विचारलंत तर सगळे हो हो छानच आहे म्हणतील, आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. त्याऐवजी विचारा की मशीन बंद पडलं तर तुमचा दिवस कसा जाईल, चूक झाली तर कोणाला सांगाल, आणि ते तुमचं ऐकतील का.

हे सगळं आधीच का, नंतर बघू की, असं मुलं म्हणतात. डेव्हिड कॉलिंग्रिज नावाच्या एका अभ्यासकाने १९८० मध्ये ही अडचण फार नेमकी मांडली होती. नवीन तंत्र लहान असतं तेव्हा ते सहज बदलता येतं पण त्याचे परिणाम दिसत नाहीत, आणि परिणाम दिसायला लागतात तोपर्यंत ते इतकं पसरलेलं असतं की बदलणं महाग आणि अवघड होऊन बसतं. यावर मला एकच उपाय सापडलाय, छोट्यापासून सुरू करा आणि मागे फिरायची वाट उघडी ठेवा. पूर्ण टाउनशिप नको, एक गेट, एक महिना, आणि जुनं रजिस्टर तसंच चालू.

आता डेटा. इंदूरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण कचरा घरातच वेगळा करायचा हे आपण चांगलं शिकलो, २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काही उगाच आला नाही. गाडी दारात येते आणि त्यात ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा असे वेगवेगळे कप्पे असतात. एकदा सगळं एकत्र झालं की ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोवर, कोणी कितीही डोकं लावलं तरी ते नीट वेगळं होत नाही. डेटाचं अगदी तसंच आहे, वेगळा करायचा तो दारातच, घेतानाच. नाव आणि फ्लॅट नंबर एक कप्पा, फोन नंबर दुसरा, चेहरा, बोटांचे ठसे, आजारपण हा घातकवाला कप्पा, आणि त्याला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करायचा. कारण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा नाही बदलता येत. आणि जो डेटा लागतच नाही तो घ्यायचाच नाही, 'पुढे कधी कामी येईल' म्हणून तर मुळीच नाही.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जणांनी कॉलनीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी औषधांची आठवण करून देणारं छोटं अॅप बनवलं होतं. नोंदणी करताना मी सगळ्यांच्या आधारकार्डाचे फोटो मागितले, सगळे मागतात म्हणून मीही मागितले, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. ते एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडून राहिले आणि त्या फोल्डरची लिंक ज्याच्याकडे असेल त्या कोणालाही उघडत होती. आठ महिने. काही गैरवापर झाल्याचं समोर आलं नाही, पण ज्या काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवून कार्ड काढून दिलं होतं त्यांना हे सांगताना मला रडू आलं. तेव्हा आधार मागूच नका, आणि सुप्रीम कोर्टानेही सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्यातल्या कलमाचा तो भागच रद्द केला ज्याच्या आधारावर खाजगी कंपन्या आधार मागत होत्या. कोणी स्वतःहून ओळखपत्र म्हणून देतच असेल तर मास्क केलेलं आधार घ्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

मग संमती. याबाबत इंदूरचा स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो इथल्या प्रत्येक इंजिनिअरला माहीत असायला हवा. औषधांच्या चाचण्यांमध्ये गरीब पेशंटांना नीट न सांगता सामील केलं जातं अशा तक्रारी घेऊन इंदूरचाच स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला होता, आणि २०१३ मध्ये चाचणीत भाग घेणाऱ्याच्या संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करण्याचा आदेश आला. विचार करा, कागदावर सही आणि अंगठा असूनही कोर्टाला व्हिडिओ मागावा लागला, कारण सही म्हणजे समजलं असं होत नाही. आपल्या अॅपमधलं 'आय अॅग्री' चं बटण तर सहीपेक्षाही हलकं.

कायदाही आता तेच म्हणतो. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात. पण आजच तसं बनवा, नंतर तोडफोड करायला दुप्पट वेळ लागतो. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामासाठी, समजून दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणंही सोपं हवं. फॉर्मची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी आणि हिंदी दोन्ही आलं. आणि भाषांतर करताना कोर्टातल्यासारखं 'सदर माहितीचे प्रक्रियाकरण' वगैरे लिहू नका, आमच्या मावशींना आम्ही शेवटी जे वाचून दाखवलं ते इतकंच होतं: "तुमचा फोटो गेट उघडायला वापरू. दुसऱ्या कशालाही वापरणार नाही. नको असेल तर कार्ड मिळेल, काम जाणार नाही. नंतर नको वाटलं तर वॉचमनला सांगा, त्याच दिवशी फोटो काढून टाकू." यातलं 'कार्ड मिळेल', म्हणजे फोटोऐवजी कार्डावर आत जाता येईल, हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते नसेल तर बाकी तीन वाक्यांना काही अर्थ राहत नाही. कमिटी आधी तयार नव्हती, दोन यंत्रणा कशाला म्हणाली, तीन मीटिंगा गेल्या, पण कार्ड चालू झालं, आणि त्या गेटवर ३१ पैकी १९ मावश्यांनी कार्डच घेतलं!

लहान मुलांचं अॅप असेल तर जास्तच जपा. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे, साधारणपणे आई-वडिलांची खात्री करता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं, त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. कॉलेजची पहिल्या वर्षाची काही पोरंसुद्धा यात येतात हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

टेस्टिंगबद्दल. आपण टेस्ट कोणावर करतो? स्वतःवर आणि मित्रांवर. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम तपासल्या, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाली. यातून घ्यायचं ते हे की 'अॅक्युरसी ९५ टक्के' हा आकडा एकटा कधीच सांगू नका, कोणासाठी ९५ ते सांगा. गेटच्या मुलांना मी एक तक्ता करायला लावला: पदर घेतलेल्या, स्कूटीवाल्या मुली बांधतात तसा स्कार्फ बांधलेल्या, चष्मा, पहाटेचा अंधार, हातात दुधाचे कॅन, सत्तरीच्या पुढचे. प्रत्येक ओळीला वेगळा आकडा. पदरवाल्या ओळीचा आकडा बघून मुलं गप्प झाली. आवाजावर चालणारं काही बनवत असाल तर आपल्या इंदुरी मराठीवर टेस्ट करा, अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी, मधेच 'भिया' (म्हणजे भाऊ), पुण्याच्या मराठीवर शिकलेलं मशीन इथे गोंधळणारच. आणि जे डोळ्यांनी बघू शकत नाहीत त्यांना तुमचं अॅप स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वापरता येतं का तेही बघा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, ते काही उपकार म्हणून करायचं काम नाही.

बाकी कायद्यांचं थोडक्यात. आजार ओळखणारं किंवा तपासणारं सॉफ्टवेअर असेल तर ते वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येऊ शकतं, बाजारात आणायच्या आधीच जाणकाराला विचारा. ड्रोन असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. दुसऱ्याचा ओपन सोर्स कोड घेतला असेल तर त्याचं लायसन्स वाचा, फुकट म्हणजे बिनशर्त असं नसतं. आणि कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर तो कोणाचा, मुलांचा, सरांचा की कॉलेजचा, हे पहिल्याच महिन्यात लिहून घ्या, नंतर या गोष्टीवरून जिवाभावाची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

चूक होईल तेव्हा काय करायचं हे चूक व्हायच्या आधी ठरवा. भोपाळ आपल्यापासून चार तासांवर आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू पसरला तेव्हा बंद पडलेल्या किंवा अपुऱ्या सुरक्षा यंत्रणा होत्या, आणि आजूबाजूच्या वस्त्यांना कशापासून आणि कसं वाचायचं हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. दिल्लीतल्या ओलियम वायूगळतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नंतर हे तत्त्व घालून दिलं की घातक उद्योग चालवणारा 'आम्ही काळजी घेतली होती' म्हणून सुटू शकत नाही. तुमचं अॅप म्हणजे कारखाना नाही हे खरं, पण वागणूक तिथूनच शिकायची. एका पानावर लिहा: सिस्टिम बंद कोण करू शकतो, त्याचा फोन नंबर काय, ज्यांचं नुकसान झालं त्यांना कोण आणि किती तासांत कळवणार, आणि भरपाई कुठून देणार. सायबर हल्ला किंवा डेटा फुटणं अशा घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेला कळवायचा नियम २०२२ पासून आहे, आणि सुरक्षा नीट न ठेवल्याबद्दल डेटा कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने करू नका हो, मावशींचे कापलेले दोन दिवसांचे पैसे मुलांनी आपल्या पॉकेटमनीतून दिले, ते कुठल्या कलमात बसत होतं म्हणून दिले नव्हते.

आणि वॉचमनला अधिकार द्या. मशीन नाही म्हणत असेल आणि माणूस ओळखीचा असेल तर गेट उघडायचं, कारण रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि त्याबद्दल वॉचमनला कोणी रागवायचं नाही. हे कमिटीकडून लेखी घ्या, तोंडी सांगितलेलं सेक्रेटरी बदलला की विसरलं जातं.

शेवटचं काम म्हणजे सगळं नीट बंद करणं. प्रोजेक्ट संपला, कॉलेज संपलं, मुलं पुण्याला-बंगळुरूला गेली, आणि सर्व्हरवर सगळ्यांचे चेहरे तसेच. त्यामुळे सुरुवातीलाच तारीख ठरवा, अमुक दिवसानंतर डेटा पुसला जाईल, आणि पुसल्यावर लोकांना सांगा. जुने कॅमेरे, बोर्ड, बॅटऱ्या ई-कचऱ्यात द्या, पण मेमरी कार्ड आधी काढून साफ करा. मावशींनी कार्ड घेतलं त्या दिवशी विचारलं, माझा फोटो नक्की गेला ना? मुलाने लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडून दाखवला, फोल्डरमध्ये नव्हता. मग मी बॅकअप उघडायला सांगितला, तिथे होता, तोही त्यांच्यासमोरच काढला.