विहिरीवरचे संशोधन गावासोबत कसे करावे

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील भूजलावर काम करू इच्छिणाऱ्या संशोधकाने प्रस्ताव पाठवण्याआधी गावात जावे. एकदा प्रस्ताव मंजूर झाला की प्रश्न ठरून गेलेला असतो आणि गावकऱ्यांच्या वाट्याला प्रश्नावली भरून देण्यापुरतेच काम उरते. आपण विचारतो, पातळी किती घटली. शेतकऱ्याला मात्र मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची लागवड) लावावी की कांदेबाग (पावसाळा सरताना होणारी), आणि लावलेल्या बागेचा उन्हाळा निघेल का, हे हवे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये होते. पहिल्या प्रश्नाला ती पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

बैठकीला कोणाला बोलवायचे, हे त्यानंतरचे काम. 'भागधारक' हा शब्द टाळावा. तो ऐकून लोकांना कारखान्याचा शेअर आठवतो. बागाईतदार आपणहून येतातच, पण निम्म्या वाट्याने शेती करणारा, बोअरची गाडी चालवणारा, बागेत मजुरीला जाणाऱ्या बाया आणि विशेषतः सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) यांना मुद्दाम बोलवावे लागते, आणि मालकासमोर सालदार बोलत नाही म्हणून त्याला वेगळे भेटावे लागते. त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते, हे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. भाषेचीही सोय पाहावी: इथे लेवा गणबोली, साक्रीकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी.

सालदाराचे महत्त्व मला चुकीतून कळले. पहिल्या हंगामात आम्ही सकाळी अकराच्या सुमारास टेप सोडून नोंदी घेत होतो. महिनाभराने एका सालदाराने सहज विचारले, "साहेब, मोटार आत्ताच बंद केली, पाणी चढायच्या आधीच मोजता का?" वीज रात्रीची होती, उपसा सकाळपर्यंत चालत होता, आणि उपशाने तात्पुरते खाली गेलेले पाणी आम्ही विहिरीची स्थिर पातळी म्हणून लिहीत होतो. त्या महिन्याच्या नोंदी बाद केल्या. तेव्हापासून नोंदवहीत 'मोटार बंद होऊन किती तास झाले' असा रकाना असतो, आणि अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेली दोन मापे जुळल्याशिवाय नोंद पक्की धरली जात नाही. हा रकाना सालदारानेच भरावा आणि त्याला त्या कामाचे मानधन द्यावे.

माहिती कोणाची, हे पहिल्याच महिन्यात मराठीत लिहून ठरवावे. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमात खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद असल्याने, आपली नोंद उद्या आपल्यावरच उलटेल ही शेतकऱ्याची शंका अवाजवी नाही. विहिरीला क्रमांक द्यावा, मालकाचे नाव अहवालात येऊ देऊ नये, आणि नोंद काढून घेण्याचा हक्क त्याच्याकडे ठेवावा.

पाणीवाटपाचे नियम सुचवायची वेळ आली, तर धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठची फड पद्धत आधी पाहून यावे. तिथे कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणते पीक घ्यायचे हे लाभधारक मिळून ठरवत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी फिरवी. अर्थात ती बंधाऱ्यावरची, डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याची व्यवस्था आहे. जमिनीखालच्या पाण्याला ती जशीच्या तशी लागू होत नाही.

निष्कर्ष शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता गावात सांगावेत: मृगबागेसाठी मेच्या मध्यापर्यंत, कांदेबागेसाठी सप्टेंबरात. लागवड झाल्यावर सांगितलेली पातळी शेतकऱ्याच्या उपयोगाची नसते.