मुरत्या चीजमधील जिवाणू मोजण्याची पूर्वतयारी

चीज मुरत असताना त्यातील जिवाणूंची वाढ मोजायची असेल, तर पहिला नमुना काढण्याआधी नेमके कोणते जिवाणू मोजायचे आहेत हे वहीत लिहून ठेवावे. विरजणातून घातलेले जिवाणू आणि दूध किंवा उपकरणांतून आपसूक शिरलेले लॅक्टोबॅसिलस यांची वाटचाल उलट दिशांनी होते. चेडरमध्ये विरजणातील लॅक्टोकॉकसची संख्या सुरुवातीला एका ग्रॅममागे शंभर कोटींच्या घरात असते आणि पुढे घटत जाते. आपसूक शिरलेला गट मात्र काही शेकड्यांपासून वाढत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कोटींच्या घरात पोचतो. दोन्ही गटांचा एकच एकूण आकडा काढला, तर ही अदलाबदल त्यात दडून जाते. म्हणून लॅक्टोकॉकससाठी एम17 अगार (अगार म्हणजे जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम) आणि लॅक्टोबॅसिलससाठी रोगोसा अगार किंवा पीएच 5.4 च्या आसपास आणलेले एमआरएस अगार मागवावे, आणि या दुसऱ्या गटासाठी ऑक्सिजनविरहित जारचीही सोय करावी. सगळ्या महिन्यांना पुरेल इतके एकाच बॅचचे माध्यम एकदमच घेतलेले बरे. कोलिफॉर्मही (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जिवाणू) मोजायचे असल्यास त्यासाठीचे व्हीआरबी अगार ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालू नये. ते केवळ उकळून तयार होते.

सर्वांत जास्त विचार नमुन्याच्या जागेचा करावा. एकाच चीजला दर वेळी नळीने भोक पाडले, तर त्या वाटेने हवा आणि बुरशी आत जाते, आणि मग आपण मोजतो ते भोकाने बदललेले चीज. त्यापेक्षा एकाच दिवशी, एकाच दुधापासून बरीच लहान चीज करून घ्यावीत आणि प्रत्येक तारखेला त्यांतील किमान दोन-तीन कापावीत. साल आणि गाभा वेगळे काढावेत, कारण दोन्हींतील हवा, मीठ आणि ओलावा सारखा नसतो. पहिल्या महिन्यात तारखा जवळजवळ ठेवाव्यात, उदाहरणार्थ 1, 7, 14 आणि 30 वा दिवस; त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे.

चीज घन आणि स्निग्ध असल्यामुळे द्रव माध्यमातील वाढ जशी गढूळपणावरून मोजता येते, तशी येथे येत नाही. निर्जंतुक पिशवीत 10 ग्रॅम चीज आणि 45 अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केलेले 2 टक्के ट्रायसोडियम सायट्रेटचे 90 मिलिलिटर द्रावण घेऊन ते एकजीव करावे. सायट्रेटमुळे केसीन या दुधातील प्रथिनाची जाळी सुटते. पुढील दहापट विरलनांसाठी (नमुना टप्प्याटप्प्याने दहापट पातळ करण्यासाठी) पेप्टोन-मीठ द्रावणाच्या नळ्या आदल्या दिवशीच भरून ठेवाव्यात. चीज ताजे असताना विरलन दहा लाखांश ते कोटी-अंशापर्यंत न्यावे लागते, हे धरूनच नळ्या मोजाव्यात.

वसाहती (डिशमधील अगारवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके) मोजण्यासाठी साधारण 30 ते 300 वसाहती असलेल्या डिश घ्याव्यात आणि आकडे लॉगमध्ये, म्हणजे 10 च्या घातांकात, नोंदवावेत. शेजारच्या रकान्यांत त्याच दिवशीचे पीएच, ओलावा, मीठ आणि खोलीचे तापमान असावे. विरजणातील पेशी फुटल्यावर त्यांची विकरे (एन्झाइम) चीजमध्ये काम करतच राहतात. तेव्हा घटता आकडा म्हणजे मुरणे थांबले असा अर्थ काढू नये. पुढे डीएनए तपासण्याचा विचार असेल, तर प्रत्येक नमुन्याचा छोटा भाग उणे 80 अंशांवर ठेवण्यासाठी नावे घातलेल्या नळ्या तयार असाव्यात. मात्र डिशवर मोजायचा भाग गोठवू नये, कारण गोठवल्याने काही जिवाणू मरतात.