गूगल शीटला सेल्सफोर्स जोडायचंय? कुलूप शीटमध्ये नाही, सेटअपमध्ये आहे

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा तिरका फोटो पाठवतं, वर लाल एरर आणि खाली प्रश्न, "शीट सेल्सफोर्सला कनेक्टच होत नाहीये, काय करू?" तोपर्यंत त्या माणसाचं कॅशे क्लिअर करून झालेलं असतं, ॲड-ऑन दोनदा काढून परत टाकून झालेलं असतं, ब्राउझर बदलून झालेला असतो, कारण शोधलं की जिथे तिथे हेच सल्ले सापडतात. एरर सेल्सफोर्सच्या (गिऱ्हाइकांची माहिती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पानावर येत असेल तर यातल्या कशानेही ती जाणार नाही. परवानगी तिकडे अडलेली असते आणि ती द्यायचा अधिकार ॲडमिनकडे, म्हणजे कंपनीत सेल्सफोर्स सांभाळणाऱ्याकडे असतो. म्हणून तुम्ही ॲडमिन नसाल तर हा लेख आधी तुमच्या ॲडमिनला पाठवा.

शीटच्या बाजूचं काम दोन मिनिटांचं आहे. एक्सटेन्शन्स, ॲड-ऑन्स, गेट ॲड-ऑन्स, तिथे गूगलचं स्वतःचं 'डेटा कनेक्टर फॉर सेल्सफोर्स' घ्या, मग परत एक्सटेन्शन्समधून ते ओपन करा, उजवीकडे पट्टी उघडते. पट्टी पांढरीफटक राहिली तर बघा, क्रोममध्ये एकाच वेळी दोन गूगल अकाउंट लॉगिन असतील, घरचं आणि ऑफिसचं. ऑफिसच्या अकाउंटसाठी क्रोमचं वेगळं प्रोफाइल करा.

नंतर प्रॉडक्शन (खरा, रोजचा सेल्सफोर्स) की सँडबॉक्स (चाचणीसाठीची त्याची प्रत) ते निवडा. सँडबॉक्सचं युझरनेम वेगळं असतं, शेवटी टिंब आणि सँडबॉक्सचं नाव लागलेलं असतं, ते न लावता पासवर्ड चुकतोय म्हणून डोकं धरून बसणारे मी खूप पाहिलेत. कंपनीत सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) असेल तर लॉगिनच्या पानावर खाली 'यूज कस्टम डोमेन' आहे तिथून जा, नेहमीच्या खिडकीत पासवर्ड टाकत बसू नका. आणि पासवर्डच्या मागे सिक्युरिटी टोकन जोडा हा सल्ला कुठे दिसला तर सोडून द्या, तो जुन्या पद्धतीच्या टूल्ससाठी आहे जिथे युझरनेम-पासवर्ड थेट टूलमध्ये भरावं लागतं, इथे लॉगिन सेल्सफोर्सच्याच पानावर होतं त्यामुळे टोकनचा काही संबंध नाही.

अजून एक गोष्ट आधीच तपासा, युझरला 'एपीआय एनेबल्ड' ही परमिशन आहे का (एपीआय म्हणजे बाहेरच्या टूलने डेटा मागायची वाट). तुमची सेल्सफोर्सची एडिशन प्रोफेशनल असेल तर एपीआय सहसा वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं, ते घेतलेलं नसेल तर पुढचं काही वाचू नका, आधी तुमच्या अकाउंट मॅनेजरशी बोला.

आता खरी अडचण.

साइन इन केलं, पासवर्ड बरोबर, मोबाइलवरचं ॲप्रूव्हलही दिलं, आणि 'अलाउ' बटण यायच्या जागी 'ओऑथ अप्रूव्हल एरर जेनेरिक' किंवा तसलंच काहीतरी येतं. त्या एररमधून काहीच कळत नाही आणि इथेच माझे दोन दिवस गेले होते. झालंय असं की 2025 मध्ये काही टोळ्यांनी कंपन्यांतल्या लोकांना फोन केले, आम्ही आयटी सपोर्टमधून बोलतोय असं सांगून त्यांच्याकडून डेटा लोडरसारखं (सेल्सफोर्सचं डेटा आत-बाहेर नेणारं टूल) दिसणारं बनावट ॲप सेल्सफोर्सला जोडून घेतलं, आणि मग सगळा डेटा त्याच वाटेने बाहेर काढला. पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही, परवानगी माणसानेच दिली होती. त्यानंतर सप्टेंबर 2025 पासून सेल्सफोर्सने नियम आवळला, जे कनेक्टेड ॲप (सेल्सफोर्सला जोडायचं बाहेरचं ॲप) तुमच्या ऑर्गमध्ये, म्हणजे कंपनीच्या सेल्सफोर्समध्ये इन्स्टॉल केलेलं नाही त्याला साधा युझर आपणहून परवानगी देऊ शकत नाही. शीटचा कनेक्टर हे असंच एक बाहेरचं ॲप आहे. माझ्या मते हा नियम योग्यच आहे, फक्त एरर वाचून कोणाला ते कळत नाही एवढंच.

तर ॲडमिनने काय करायचं. सेल्सफोर्सच्या सेटअपमध्ये (ॲडमिनच्या सेटिंग्जचं पान) क्विक फाइंड या शोधाच्या रकान्यात 'कनेक्टेड ॲप्स ओऑथ युसेज' टाका. त्या यादीत कनेक्टरचं नाव असेल तर त्याच्यासमोर 'इन्स्टॉल' आहे ते दाबा. पण तुमच्या कंपनीत तो आधी कोणीच वापरलेला नसेल तर यादीत नाव दिसतच नाही, म्हणजे इन्स्टॉल केल्याशिवाय युझरला जोडता येत नाही आणि कोणीतरी जोडल्याशिवाय इन्स्टॉल करता येत नाही, मी नेमका इथे अडकलो होतो. वाट अशी आहे की 'अप्रूव्ह अनइन्स्टॉल्ड कनेक्टेड ॲप्स' नावाची परमिशन एका परमिशन सेटमध्ये (युझरला वरून लावायचा परवानग्यांचा गठ्ठा) टाकायची, तो सेट ॲडमिनने स्वतःला लावायचा, स्वतः एका कोऱ्या शीटमधून एकदा साइन इन करून 'अलाउ' दाबायचं, की नाव यादीत येतं. लगेच इन्स्टॉल करा आणि तो परमिशन सेट स्वतःवरून काढून टाका. तुमच्याकडे एपीआय ॲक्सेस कंट्रोल (कोणती ॲप्स एपीआय वापरू शकतात ते आवळणारी सेटिंग) चालू असेल तर याच कामाला 'यूज एनी एपीआय क्लायंट' ही परमिशन लागते.

इथे मी हात जोडून सांगतो, या परमिशन सगळ्या सेल्स टीमला वाटू नका. कित्येक जण हेच करतात कारण एरर लगेच जाते. पण मग उद्या कोणी फोनवर गोड बोलून भलतंच ॲप जोडायला लावलं तर तुमच्या टीममधला कोणीही ते जोडू शकेल, म्हणजे ज्या दारासाठी कुलूप बसवलं त्याची किल्ली तुम्हीच घरोघरी वाटली. तसंच 'त्याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर प्रोफाइल देऊन टाका' हेही नको (प्रोफाइल म्हणजे युझरच्या मूळ परवानग्यांचा संच), आणि एक ॲडमिन लॉगिन पाच जणांनी वापरणं तर अजिबात नको. मल्टी-फॅक्टर (पासवर्डच्या जोडीला दुसरी खात्री) 1 फेब्रुवारी 2022 पासून बंधनकारक आहे, एकाच्या फोनवर येणाऱ्या ॲप्रूव्हलसाठी बाकीचे चौघे ताटकळणार.

इन्स्टॉल झालं की 'मॅनेज ॲप पॉलिसीज' उघडा, तिथे तीन जागा नीट बघा.

पहिली, 'परमिटेड युझर्स'. 'ॲडमिन अप्रूव्ह्ड युझर्स आर प्री-ऑथराइज्ड' हाच पर्याय ठेवा असं माझं ठाम मत आहे, पण तो निवडल्या निवडल्या त्याच ॲपखाली प्रोफाइल किंवा परमिशन सेट जोडा. मी एका शुक्रवारी संध्याकाळी पर्याय बदलला आणि परमिशन सेट जोडायचा राहिला, सोमवारी साडेनऊच्या रिव्ह्यूला शीट उघडली तर आकडे शुक्रवारचेच, रिफ्रेश दाबलं की पुन्हा साइन इन मागतंय आणि साइन इन केलं की नाकारतंय, आणि खोलीत आठ माणसं माझ्याकडे बघतायत. तेव्हापासून हा बदल मी फक्त सकाळी करतो आणि दुसऱ्या एका युझरकडून लगेच तपासून घेतो.

दुसरी, 'रिफ्रेश टोकन पॉलिसी', म्हणजे एकदा दिलेली परवानगी किती काळ चालेल ते. 'व्हॅलिड अनटिल रिव्होक्ड' नसेल तर लोकांना सारखं सारखं साइन इन करावं लागेल आणि ऑटो रिफ्रेशला अर्थ उरणार नाही. याच्याशीच जोडलेली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, एका युझरला एका ॲपसाठी पाचच परवानग्या जिवंत ठेवता येतात, सहावी दिली की सगळ्यात जुनी गुपचूप रद्द होते. म्हणून 'चालत नाही ना, मग परत परत साइन इन करून बघा' हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे, त्या नादात चालू असलेली दुसरी शीट बंद पडते.

तिसरी जागा 'आयपी रिलॅक्सेशन', आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण साइन इन अगदी छान होतं, आणि नंतर डेटा मागितला की नकार. साइन इन तुमच्या ब्राउझरमधून होतं, म्हणजे ऑफिसच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून). पण रिफ्रेश दाबलं की डेटा आणायला तुमचा लॅपटॉप जात नाही, गूगलचे सर्व्हर जातात. प्रोफाइलवर 'लॉगिन आयपी रेंजेस'मध्ये फक्त ऑफिसचा आयपी असेल तर सेल्सफोर्स त्या सर्व्हरला परकं समजून दारातूनच परत पाठवतं. खात्री करायची तर युझरच्या लॉगिन हिस्टरीत बघा, स्टेटस 'रिस्ट्रिक्टेड आयपी' आणि सोर्स आयपी तुमच्या ऑफिसचा नाही, की समजा हेच. मग फक्त या एका ॲपला 'रिलॅक्स आयपी रिस्ट्रिक्शन्स' द्या. गूगलचे आयपी शोधून प्रोफाइलवर टाकत बसू नका, ते बदलत राहतात. आणि प्रोफाइलवरची रेंजच उडवून टाका असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, एका शीटसाठी त्या प्रोफाइलवरच्या सगळ्यांचं संरक्षण काढायचं नसतं.

एवढं झालं की युझरने परत साइन इन करायचं, 'अलाउ' दिसेल, दाबायचं. पुढे रिपोर्ट निवडा किंवा क्वेरी लिहा, शीटमध्ये डेटा येतो. ऑटो रिफ्रेश 4, 8 किंवा 24 तासांवर लावता येतो, सकाळच्या मीटिंगसाठी 8 पुरतो.

डेटा आल्यावर व्ही-लुकअप (दोन याद्या जुळवणारं सूत्र) लावणार असाल तर आयडीकडे, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या ओळख-क्रमांकाकडे डोळ्यात तेल घालून बघा. सेल्सफोर्सचा आयडी कुठे 15 अक्षरांचा येतो कुठे 18, क्वेरीतून 18 आणि रिपोर्ट एक्सपोर्ट केला की बहुधा 15. पंधरावाला लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतो, शीटचं व्ही-लुकअप करत नाही. माझ्या एका शीटमध्ये दोन गिऱ्हाइकांच्या आयडीत फक्त शेवटचं अक्षर वेगळं होतं, एकाचं लहान ए, दुसऱ्याचं मोठं ए, आणि दुसऱ्याची थकबाकी पहिल्याच्या नावावर दिसत होती. वसुलीचा फोन जाणार होता चुकीच्या माणसाला. म्हणून जुळवाजुळव कायम 18 वरच करा.

शीट शेअर करताना एक लक्षात ठेवा, सेल्सफोर्समध्ये कोणाला काय दिसावं याचे सगळे नियम डेटा शीटमध्ये उतरला की संपतात. लिंक ज्याच्याकडे त्याला सगळं दिसतं, मोबाइल नंबरासकट. 'एनीवन विथ द लिंक' कधीच ठेवू नका, नावानिशी शेअर करा. आणि ज्याने ऑटो रिफ्रेश लावलाय तो नोकरी सोडतोय असं कळलं की त्याचं अकाउंट बंद व्हायच्या आधी दुसऱ्याच्या लॉगिनने रिफ्रेश लावून घ्या, नाहीतर शीट तशीच उघडत राहील आणि आकडे त्याच्या शेवटच्या दिवसाचे असतील.