जुन्या पितळेवरचा स्प्रे उतरवताना

काळवंडलेलं पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडे जातो. पूजेच्या तांब्याला ते ठीक. पण जुन्या नाशकातल्या वाड्याच्या कडीवर कुणी स्प्रेने बदाम काढला असेल, तर चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लांबच ठेवा. कडीवरचा तपकिरी-हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. धातू, हवा आणि ओल यांतून तो वर्षानुवर्षं जमलेला असतो आणि आंबटाने विरघळतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही तेच करतं. तारेची घासणी आणि सँडपेपर यांचं तर नावच नको.

हे सगळं स्वतःच्या मालकीच्या वस्तूसाठी. नाशकातल्या नारोशंकर मंदिराच्या घंटेसारख्या सार्वजनिक ठेव्याला परस्पर हात लावू नका, देवस्थानाला कळवा. संरक्षित स्मारकाची हानी केल्यास प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. साफ करायच्या हेतूने केलेली हानीही हानीच.

आधी फोटो काढा. चुंबक लावून पाहा; चिकटला तर लोखंड, आणि त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर स्प्रेचा रंग विरघळवणारं, लगेच पेट घेणारं अ‍ॅसिटोन तोही उचलेल. काम सावलीत, उघड्यावर, हातमोजे घालून करा. जवळ निरांजनसुद्धा नको.

मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्या. सुरुवात डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाच्या दोन थेंबांनी. मार्करला आयसोप्रोपिल अल्कोहोल बहुधा पुरतं. स्प्रेला शुद्ध अ‍ॅसिटोन लागतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल नि सुगंध असतो. भिजवलेला कापूस रंगावर ठेवून वर प्लास्टिक झाका. मिनिटभराने उचला, बोळा घासू नका, लोळवा. प्रत्येक वेळी नवा बोळा घ्या आणि त्याच्याकडे नीट बघा: निळा स्प्रे होता आणि कापूस निळा झाला, तर चालू द्या. हिरवट-तपकिरी दिसू लागला की तिथंच थांबा, मग रंगाचा ठिपका राहिला तरी चालेल. नक्षीत अडकलेला रंग बांबूच्या काडीने.

शेवटी डिस्टिल्ड वॉटरने पुसून पूर्ण वाळवा. अ‍ॅसिटोनने जुनं मेणही गेलेलं असू शकतं, म्हणून मायक्रोक्रिस्टलाइन (पेट्रोलियमपासून केलेल्या, बारीक स्फटिकांच्या) मेणाचा पातळ हात देऊन मऊ सुती कापडाने घोटा. पुढचा स्प्रे मग मेणावर बसतो आणि सोपा निघतो.

खिळ्याने कोरलेलं नाव मात्र निघत नाही. घासून सपाट करू गेलात तर तिथं चकचकीत पट्टा उमटेल, तो नावापेक्षा ठळक. त्या चरांत रंगीत मेण भरून घ्यायचं, तेही जाणकार संवर्धकाकडून.