स्मारकावर नाव नसलेला सैनिक: शोध कसा घ्यायचा, प्रकरण कसं उभं करायचं

सातारा, रत्नागिरी, रायगडातल्या कित्येक घरांत एखाद्या पणजोबांबद्दल एवढंच माहीत असतं की ते लढाईवर गेले आणि परत आले नाहीत. नातवंडं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांतल्या ब्रिटिश साम्राज्याच्या मृत सैनिकांच्या नोंदी, कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर नाव टाकतात, काही मिळत नाही आणि नाव सुटलं असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. बऱ्याचदा तो निष्कर्ष घाईचा असतो. नाव यादीत असतं, पण आपण लिहितो तसं नसतं.

नावं सुटलेली नाहीत असं मात्र नाही. कमिशनच्याच समितीने २०२१ मध्ये मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावानिशी, किंवा कुठल्याच प्रकारे, नोंद झाली नाही. त्यांत बहुतांश पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले लोक होते. हिंदी सैनिकांच्या बाबतीत जास्त करून वेगळा प्रकार झाला: नाव नोंदवहीत गेलं, दगडावर कोरलं गेलं नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या. म्हणून 'दगडावर नाव नाही' आणि 'नोंदच नाही' ही दोन वेगळी प्रकरणं समजा. खाली जे आहे ते दुसऱ्यासाठी.

आधी तारीख पाहा

कमिशनच्या दोन मुदती आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात नोकरीत असताना मृत्यू आला असेल तर कारण काहीही चालतं. गोळी, पटकी, १९१८ चा इन्फ्लुएंझा, बुडणं, अपघात, सगळं. १९२० मध्ये इराकमध्ये तापाने गेलेला शिपाई मुदतीत बसतो. १९३७ मध्ये वझिरीस्तानात लढताना पडलेला बसत नाही. तिथे कितीही कागद जोडले तरी उपयोग नाही.

नोकरीतून सुटून घरी येऊन गेलेल्या माणसाचा मृत्यूही याच मुदतीतला हवा, आणि शिवाय तो नोकरीतल्या जखमेमुळे किंवा आजारामुळे झाला हे सिद्ध करावं लागतं. अशा माणसाचं नाव सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण घरी झालेला मृत्यू पलटणीला कोण कळवणार?

मग शोध, पण मराठी नाव विसरून

सरावासाठी नाईक यशवंत घाडगे यांची नोंद काढा. व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, इटलीतलं कॅसिनो स्मारक. नोंद कशी दिसते, कुठल्या रकान्यात काय असतं हे एकदा डोळ्याखालून गेलं की पुढचं सोपं.

साध्या शिपायाच्या नोंदीत आडनाव अनेकदा नसतंच. 'सखाराम' हेच आडनावाच्या रकान्यात बसवलेलं असतं. आडनाव असलंच तर पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, चव्हाणचं चौवान, शिंदेचं सिंधे अशी रोमन स्पेलिंगं भरतीच्या कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली. म्हणून नावावरून शोधू नका. पलटण आणि वर्षं टाका, 'इंडियन' हा पर्याय निवडा, आलेली यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि ती तारीख, वडिलांचं नाव आणि गाव यांवर चाळा. शेवटच्या रकान्यात 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा' असा मजकूर बऱ्याच नोंदींत असतो आणि माणूस तिथेच सापडतो.

जिल्हे जुने धरा. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता (सावंतवाडी संस्थान वेगळं), दोन्ही बदल १९८१ चे. पलटणींचे क्रमांकही १९२२ मध्ये बदलले. १०३ वी मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी बेळगावची प्रशिक्षण बटालियन, म्हणजे दहावी. घरात 'पाचवी मराठा' म्हणून सांगत आले असतील तर पहिल्या युद्धासाठी त्याचा अर्थ यांपैकी कुठलीही पलटण. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. या दोन्हींची सरमिसळ फार होते.

शिपाई क्रमांक पलटणीपुरताच असे, त्यामुळे २३१४ नंबरचे चार जण चार पलटणींत असू शकतात. क्रमांक जुळला म्हणजे माणूस मिळाला, असं धरू नका.

घरात काय शोधायचं

ट्रंकेतलं पदक सर्वांत मोलाचं. पहिल्या युद्धातल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कड पितांबरी लावून घासू नका. आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातात. पदक आडवं ठेवा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने कडेच्या पातळीत धरा आणि अक्षरांच्या सावल्यांचा फोटो घ्या. कड फिरवत फिरवत सात-आठ फोटो काढले की पूर्ण ओळ जुळते. दुसऱ्या युद्धातली ब्रिटनमध्ये दिलेली बहुतेक पदकं कोरी असतात, पण भारतात वाटलेल्यांवर नाव असतं.

पहिल्या युद्धाचं 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचं नसून काशाचं निघालं तर निराश होऊ नका. लेबर कोअर आणि इतर फॉलोअर लोकांना तेच मिळालं. उलट तो मोठा धागा आहे: हमाल, भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले यांच्या नोंदी लढाऊ पलटणींपेक्षा विस्कळीत राहिल्या. तळहाताएवढी गोल काशाची तबकडी सापडली, ब्रिटानिया आणि सिंह असलेली, तर ती मृताच्या वारसाला दिलेली असते. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो.

कचेरीतले कागद

पुराव्याचं खरं घर महसुली दप्तर आहे, आणि लोक तिथे सर्वांत शेवटी जातात.

गावी येऊन मेलेल्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जन्म-मृत्यूची जुनी बुकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात आणि जातीच्या दाखल्यासाठी लोक रोज तीच मागतात, त्यामुळे कारकुनाला वेगळं समजवावं लागत नाही. अर्जात गाव, अंदाजे वर्ष (आधी-नंतरची दोन वर्षं धरून), नाव आणि बापाचं नाव द्या, आणि प्रमाणित नक्कल मागा. मोबाइलवरचा फोटो पुरावा म्हणून टिकत नाही. नोंद बहुधा मोडी लिपीत असते. जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या, त्यावर त्याची सही घ्या आणि इंग्रजी भाषांतर जोडा. कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, आणि महिना पौष ते फाल्गुन यांतला असून १ जानेवारी उलटून गेली असेल तर ७९. इथे वर्ष चुकलं की मुदतीच्या कडेला असलेलं प्रकरण फुकट जातं.

गणपतीत गावी गेलोच आहोत तर काम उरकू, हा मुंबईकराचा बेत इथे फसतो. कचेरी सुट्टीत बंद आणि नक्कल त्याच दिवशी मिळेलच असं नाही. अर्ज आधी जाऊ द्या.

परदेशात मेलेला माणूस कोतवाल बुकात सहसा नसतो, कारण ते गावातल्या मृत्यूंचं बुक. त्याच्यासाठी फेरफार, गाव नमुना ६. जमिनीला वारस लावताना 'अमुक लढाईत मयत' अशी ओळ येते आणि वारसांची नावंही मिळतात. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. मधे काही वर्षंही गेलेली असू शकतात. पेन्शनचा पट्टा किंवा जंगी इनामाचा (लष्करी नोकरीबद्दल मिळालेल्या इनामाचा) कागद घरात असेल तर त्यावर पलटण सापडते.

मुंबईत मृत्यू झाला असेल तर महापालिकेची मृत्यूनोंद काढा. ख्रिस्ती सैनिक असेल तर शिवडीची दफनभूमी पाहाच, पण तिथे थांबू नका: शिवडीतल्या ६२९ सैनिकांचे अवशेष जून १९६२ मध्ये पुण्याजवळ खडकीला हलवले आणि ती नावं खडकीच्या १९१४-१८ स्मारकावर आहेत. शिवडीत दगड नाही म्हणून 'नोंद नाही' असं ठरवणारे बरेच.

पलटणीकडे पत्र लिहायचं तर मराठ्यांसाठी बेळगावचं केंद्र, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर. पत्र एका पानाचं ठेवा: क्रमांक, नाव, बाप, गाव, तालुका, पलटण, अंदाजे वर्ष. कुळाचा इतिहास लिहू नका, तो कोणी वाचत नाही.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या युद्धदैनंदिन्या, पहिल्या युद्धासाठी डब्ल्यूओ ९५ ही मालिका, शिपायांची नावं क्वचितच देतात, आकडे देतात. त्यांचा उपयोग पडताळ्यासाठी. समजा, दैनंदिनी म्हणते त्या दिवशी बारा हिंदी शिपाई मेले आणि कमिशनच्या यादीत त्या तारखेला त्या पलटणीचे अकराच आहेत. तर शोध योग्य दिशेने चाललाय. एवढ्यावर प्रकरण मंजूर होत नाही, कारण बारावा चार दिवसांनी इस्पितळात गेलेलाही असू शकतो. इराकमधलं वेढलेलं कूत २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. कैदेत मेलेल्यांच्या तारखा अंदाजी असतात, तिथे एका दिवसाचा नाही, सबंध वर्षाचा पट्टा चाळा.

खलाशी वेगळे

कोकणातल्या घरांसाठी हे महत्त्वाचं. माणूस रॉयल इंडियन नेव्हीत (किंवा पहिल्या युद्धात रॉयल इंडियन मरीनमध्ये) होता की कंपनीच्या बोटीवर? आरमारी माणसाला वरचाच नियम: नोकरीत मृत्यू, कारण काहीही. कंपनीच्या बोटीवरचा सारंग, टिंडेल, आगवाला किंवा भंडारी असेल तर मृत्यू शत्रूच्या कारवाईमुळे झालेला लागतो. टॉर्पेडोने बोट बुडाली तर बसतो. लिव्हरपूलच्या इस्पितळात न्यूमोनियाने गेला तर सहसा नाही. म्हणून आधी बोटीचं नाव मिळवा, मग ती केव्हा आणि कशी बुडाली ते.

समुद्रावरच गेलेल्यांचं पहिल्या युद्धाचं स्मारक मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या युद्धाचं तिथे पुस्तक आहे, सुमारे साडेसहा हजार नावांचं, आणि त्याची दुसरी प्रत बांगलादेशातल्या चितगावच्या युद्ध दफनभूमीत. जाण्याआधी चौकशी करा आणि नाव चार स्पेलिंगांत लिहून न्या.

१४ एप्रिल १९४४ चा मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकचा स्फोट हा प्रश्न हमखास निघतो. फोर्ट स्टिकिन बोटीवरची आग शत्रूने लावलेली नव्हती. त्या दिवशी गोदीत मेलेला सैनिक किंवा आरमारी खलाशी तरीही बसतो, कारण त्याला मृत्यूच्या कारणाची अट नाही. अग्निशमन दलाचा जवान किंवा गोदी कामगार बसत नाही. ऐकायला वाईट आहे, पण नियम तसा आहे आणि त्यावर वाद घालून वेळ जातो.

प्रकरण पाठवताना

कमिशनला तीनच गोष्टी पटवायच्या: माणूस नोकरीत होता, अमुक तारखेला मेला, आणि त्याची नोंद आधीपासून नाही. सुटून आलेल्यासाठी चौथी, मृत्यूचा नोकरीशी संबंध. कबर कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. प्रत्येक गोष्टीसाठी एक भक्कम कागद जोडा. वीस कच्चे जोडले तर तपासणारा त्यांतली विसंगतीच पकडतो. अर्जाला फी नाही.

सर्वांत जास्त प्रकरणं चौथ्या गोष्टीवर पडतात. कोतवाल बुकात कारण 'ताप' एवढंच असतं आणि तापाचा पलटणीशी संबंध लावता येत नाही. नोकरीतून सुटल्याच्या (डिस्चार्जच्या) कागदावर 'क्षयामुळे अपात्र' आणि बुकात 'क्षय' किंवा 'खोकला' असेल तर साखळी जुळते. डिस्चार्जचा कागद नसेल तर तो मिळवल्याशिवाय अर्ज करू नका.

तिसऱ्या गोष्टीसाठी कोणकोणती स्पेलिंगं, पलटणी आणि तारखा तपासल्या त्याचा तक्ता जोडा. मूळ कागद किंवा पदक टपालाने कधीही पाठवू नका. ३०० डीपीआय स्कॅन पुरे. गावातली तोंडी माहिती, आणि काही गावांत असलेला 'या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत' असा संगमरवरी दगड, हे पुरवणी म्हणून लावा. त्या दगडावर सहसा आकडे असतात, नावं नसतात.

उत्तराला महिने लागतात, कधी वर्षंही. नकार आला तर कुठला मुद्दा पटला नाही ते लेखी विचारा. नवा कागद मिळाला की त्याच संदर्भ क्रमांकावर पुन्हा पाठवा. नवा अर्ज भरला तर आधीची फाइल शोधण्यातच वेळ जातो.